उशिराचे वाटेकरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, एक वाक्य वारंवार ऐकू येतं : "फार उशिरा आणलं तुम्ही." बोलणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. ऐकणारे मान खाली घालतात, एकमेकांकडे पाहतात आणि गावी परत जायच्या गाडीचं भाडं ठरवायला लागतात. विषय तिथेच संपतो. उशीर झाला, माणूस गेला, देवाची मर्जी. तेराव्याचं जेवण उरकलं की गाव पुन्हा कापूस वेचायला निघतं.

हा विषय तिथे संपू नये, यासाठी हे लिहितो आहे. सेप्सिसने होणारे आपल्याकडचे पुष्कळ मृत्यू उशिराचे मृत्यू असतात. या उशिराला वाटेकरी अनेक आहेत : घर, गाव, सुई टोचणारा बोगस डॉक्टर, आरोग्य केंद्र, मोठा डॉक्टर आणि सरकार. सारा दोष मात्र त्या दाराशी उभ्या असलेल्या दोन-चार गरीब माणसांच्या पदरात टाकला जातो. ही वाटणी अन्यायाची आहे आणि ती बदलल्याशिवाय मृत्यू कमी होणार नाहीत.

सेप्सिस म्हणजे काय, ते आधी सरळ समजून घेऊ. जंतुसंसर्ग कुठेही होतो : फुप्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात, पायाच्या जखमेत, बाळंतिणीच्या गर्भाशयात. एरवी शरीर त्या त्या जागी जंतूंना आवरतं आणि माणूस बरा होतो. काही वेळा मात्र तोल सुटतो. धुऱ्यावरचा काडीकचरा जाळायला लावलेली आग वारा सुटला की शेजारच्या उभ्या गव्हात शिरते, तशी गत होते. जंतूंसाठी पेटवलेला दाह शरीराच्या स्वतःच्या अवयवांना लागतो. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात, रक्तदाब घसरतो. मूत्रपिंड, मेंदू, यकृत यांना पुरेसं रक्त मिळेनासं होतं आणि ती एकेक करून थकतात. संसर्गाला शरीराने दिलेल्या अशा बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं, म्हणजे सेप्सिस. ही व्याख्या तज्ज्ञांनी २०१६ साली पक्की केली. शिरेतून पुरेसं पाणी देऊनही रक्तदाब सावरत नाही, तो टिकवायला औषध सतत चालू ठेवावं लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट चढलेलंच राहतं, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

हे दुर्मीळ दुखणं नाही. २०१७ या एका वर्षासाठी केलेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा, की जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सगळ्या देशांना सेप्सिसकडे लक्ष द्यायला सांगितलं. तो ठराव आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत अजून पोचलेला नाही.

आता दारव्हा-दिग्रसकडचा एखादा पन्नाशीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. तूर कापलेल्या वावरातून चालताना स्लिपर फाडून धसकट तळव्यात घुसतं. तो ते उपटून फेकतो, जखमेत चुना-हळद दाबतो आणि कामाला लागतो. रक्तातली साखर वाढलेली आहे हे त्याला ठाऊक नाही, कारण ती कधी कुणी तपासलेलीच नाही. तिसऱ्या दिवशी पाय सुजतो, लाल होतो. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप येतो. गावात मोटरसायकलवर फिरणारा 'डॉक्टर' दोन सुया देतो, एक तापाची आणि एक ताकदीची. घरच्या खाटेवर, खिळ्याला अडकवलेल्या बाटलीतून सलाईन लावतो. तापाला उतार पडतो. सहाव्या रात्री अंगाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. घरची माणसं म्हणतात, "घाम आला न, उतरला ताप." म्हातारी आई हात जोडते. तो भराभर श्वास घेतो आहे, काहीबाही बरळतो आहे, दुपारपासून लघवीला गेलेला नाही, हे सगळ्यांना दिसतं. कुणी सुचवतं, दवाखान्यात नेऊ. त्यावर उत्तर येतं, "काहून रात्रीची दगदग करता? सकाळच्या गाडीनं नेऊ."

त्या घरात त्या रात्री माया कमी नव्हती. ज्ञान कमी होतं, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचवणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते पोचवलं नव्हतं. घाम येऊन गार पडलेले हातपाय ही ताप उतरल्याची खूण नव्हती. रक्तदाब घसरत असल्याची ती खूण होती. मिनिटाला बावीस किंवा त्याहून जास्त श्वास, बदललेलं भान आणि शंभरावर किंवा त्याखाली आलेला वरचा रक्तदाब, या तीन गोष्टी रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहूनही कळतात. त्यात थांबलेली लघवी आणि कातडीवर उमटलेली निळसर जाळी मिळवा. संसर्गाच्या रुग्णात यांतली एक जरी खूण दिसली, तरी सकाळची वाट पाहू नये. श्वास मोजायला घड्याळ लागतं आणि ते आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

वेळेची किंमत किती, याचा हिशेबही झालेला आहे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सेप्टिक शॉकच्या २,७३१ रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब घसरल्यापासून पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के वाचले. पुढच्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासाला जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत गेली. 'सकाळी पाहू' या दोन शब्दांत असे सात-आठ तास जातात.

या उशिराचा पहिला वाटा घराचा आहे, आणि घरात तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. कर्त्या पुरुषाला ताप आला की घर हलतं. सुनेला ताप आला की तिने भाकरी टाकून मग झोपावं, अशी अपेक्षा असते. बाळंतिणीच्या तापाला तर आपण नावच सोज्वळ देऊन ठेवलं आहे : दुधाचा ताप. छातीत दूध दाटल्यानेही अंग कधी तापतं, हे खरं. पण बाळंतपणानंतर आलेला ताप, ओटीपोटातलं दुखणं आणि अंगावरून जाण्याला येणारी घाण म्हणजे गर्भाशयात जंतू शिरल्याची खूण आहे. वारेचा तुकडा आत राहिला असेल, तपासणारा हात अस्वच्छ असेल, टाका पिकला असेल. ती बाई तिच्या तोंडाने सांगतही असते. पण दवाखान्यात जायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तिच्याकडे नसतो. सासूने नवऱ्याला सांगायचं, नवऱ्याने गाडी पाहायची, पैसे कुणाकडून तरी आणायचे, तोवर दुसरा दिवस उजाडतो.

त्याहून वाईट गत लपवाव्या लागणाऱ्या गर्भाची. लग्न न झालेली मुलगी असो की चौथ्यांदा दिवस गेलेली बाई, मेडिकलमधून गुपचूप आणलेल्या गोळ्यांनी गर्भपात अर्धवट होतो, आतलं कुजतं आणि ताप चढतो. तेव्हाही घर इज्जतीचा विचार आधी करतं. झरी जामणी तालुक्यातल्या कुमारी मातांची दुःखं वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं छापली आणि आपण ती हळहळत वाचली. त्या मुलींना फसवणारे पुरुष उजळ माथ्याने फिरतात आणि ताप आला तरी दवाखान्याची पायरी चढायची लाज मुलीला वाटते. या देशात सुरक्षित गर्भपाताचा कायदा १९७१ सालापासून आहे. कायदा असताना लाजेपायी मुलगी कुजून मरत असेल, तर त्या मृत्यूत गावाच्या जिभेचा वाटा आहे.

दुसरा वाटेकरी गावातला सुईवाला. त्याची सुई झटकन काम करते म्हणून लोक त्याच्याकडे जातात. ती का काम करते, हे समजून घ्यायला हवं. त्या सुईत बहुधा वेदनाशामक आणि स्टेरॉइड असतं. ताप दबतो, भूक लागते, तरतरी येते. जंतू मात्र आत वाढतच असतात आणि धोक्याची खूण म्हणून आलेला ताप पुसला जातो. घसरत्या रक्तदाबात तेच वेदनाशामक मूत्रपिंडाला आणखी इजा करतं. सलाईनच्या बाटलीवरची श्रद्धाही अशीच. सेप्टिक शॉकमध्ये शिरेतून पाणी द्यावं लागतं, पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या तीन तासांत दीड लिटरपर्यंत, पण ते नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवी तपासत. आफ्रिकेतल्या तीन हजारांवर आजारी मुलांवर झालेल्या अभ्यासात २०११ साली दिसलं, की घाईने जास्त पाणी चढवलेल्या मुलांत मृत्यू अधिक झाले. म्हणूनच खिळ्याला टांगलेली बाटली उपचार ठरत नाही.

पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीत राहणाऱ्या कोलाम आईने मांत्रिकाकडून दोरा बांधून आणला की आपण तिला अंधश्रद्ध म्हणतो. यवतमाळच्या कॉलनीत राहणारा शिकलेला माणूस सर्दी झाली की मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतो, दोन खातो आणि एक पुढच्या वेळेसाठी ठेवतो. त्याला आपण काहीच म्हणत नाही. दोऱ्याने जंतू मरत नाहीत, पण निदान ते निर्ढावतही नाहीत. अर्धवट खाल्लेल्या प्रतिजैविकाने निर्ढावतात, आणि उद्या ते त्याच कोलाम आईच्या तान्ह्या बाळाच्या रक्तात सापडतात, तेव्हा पहिल्या फळीची औषधं चालत नाहीत. महत्त्वाच्या कितीतरी प्रतिजैविकांसाठी डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानदाराची नोंदवही सक्तीची करणारा नियम २०१४ पासून लागू आहे. तो दुकानाच्या काउंटरवर रोज मोडला जातो. मोडणारे अडाणी नसतात.

तिसरा वाटा व्यवस्थेचा आणि तो सर्वांत मोठा आहे. झरी जामणीपासून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरच्या घरात. उमरखेड-पुसदची माणसं नांदेड जवळ म्हणून तिकडे वळतात, कुणी सेवाग्रामला, कुणी नागपूरला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पोडाचा रस्ता तुटतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर भेटेलच याची खात्री नाही. भेटला, तर पुष्कळदा 'पुढे न्या' अशी चिठ्ठी हाती पडते आणि ग्रामीण रुग्णालयात गेलं की तिथून पुढची चिठ्ठी. प्रत्येक ठिकाणी केसपेपर नवा, रांग नवी. या साखळीत पाच-सहा तास सहज जातात आणि त्या अवधीत प्रतिजैविकाचा एक थेंबही रुग्णाच्या शिरेत गेलेला नसतो.

हे असंच व्हावं लागतं असं नाही. सेप्सिसच्या उपचाराची सुरुवात साधी आहे. रक्ताचा नमुना कल्चरसाठी घ्यायचा, तो घेण्याची सोय नसेल तर त्यापायी थांबायचं नाही. शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचं, शॉक असेल तर तासाभरात. ऑक्सिजन, बेताने पाणी, लघवीचं मोजमाप. पाण्याने रक्तदाब सावरला नाही तर नॉरअॅड्रेनॅलिन. आणि संसर्गाचं मूळ उपटायचं : गळू फोडायचं, पायातलं मेलेलं मांस काढायचं, राहिलेली वार काढायची, अडलेल्या लघवीला वाट करून द्यायची. मूळ आत राहिलं तर महागातलं औषधही हात टेकतं. यातलं शेवटचं काम आणि व्हेंटिलेटर-डायलिसिस मोठ्या रुग्णालयाचं. पण पहिलं प्रतिजैविक, ऑक्सिजन, शिरेतली सुई आणि सोबत सविस्तर चिठ्ठी, एवढं आरोग्य केंद्रात व्हायलाच हवं. रुग्ण पुढे पाठवायचा तर उपचार सुरू करून पाठवावा, हा नियम प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर असायला हवा.

"खेड्यात हे कोण करणार?" असा प्रश्न शहाणी माणसं विचारतात. त्याचं उत्तर विदर्भानेच जगाला दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ अंगावर प्यायचं थांबलं, रडणं क्षीण झालं, अंग गार किंवा गरम लागतं, बाळ सुस्तावलं, पोट फुगलं, नाळ पिकली, छाती आत ओढली जाते, अशा खुणांवरून सेप्सिस ओळखायचा आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन व तोंडाने औषध द्यायचं. उपचार सुरू होण्यापूर्वी त्या गावांत सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती. नंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. पुढे आशाताईंच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच वाटेने आला आणि २०१४ साली केंद्र सरकारने ठरावीक परिस्थितीत आरोग्यसेविकेला (एएनएम) तान्ह्या बाळाला जेंटामायसिन द्यायची मुभा दिली.

गडचिरोलीच्या त्या बाया डॉक्टर नव्हत्या. त्यांना कुणीतरी विश्वासाने शिकवलं आणि हातात औषध दिलं, एवढाच फरक. आपल्याकडे तान्हं बाळ रडायचं थांबलं की "किती गुणी लेकरू" म्हणून कौतुक होतं. कालपर्यंत भुकेने घर डोक्यावर घेणारं बाळ आज ओठाशी आलेलं स्तन सोडून झोपतं, तर ते शहाणं झालेलं नसतं. एवढं एक जरी प्रत्येक आजीला कळलं तरी काही पाळणे रिकामे व्हायचे थांबतील. नाळेवर राख, शेण, तेल काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची, हेही त्याच आजीने ठरवायचं आहे.

विदर्भाची आणखी एक जोखीम इथेच सांगायला हवी. आपल्याकडच्या अनेक समाजांत सिकलसेल आहे. या आजारात लहानपणीच प्लीहा निकामी होते आणि न्यूमोनियाचे जंतू रक्तात शिरले तर त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. सिकलसेलच्या मुलाला ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, हा नियम त्या घरात देवघराच्या बाजूला लिहून ठेवावा. अशा मुलांना न्यूमोकोकल लस आणि डॉक्टरच्या सल्ल्याने पेनिसिलिन मिळतं आहे का, हे आश्रमशाळेने पाहायला हवं. आश्रमशाळेच्या हजेरीपटात सिकलसेलची नोंद जातीच्या नोंदीइतकीच महत्त्वाची मानली जावी.

उशिराचा चौथा वाटेकरी वैद्यकीय अहंकार. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याचे सहकारी चिडले. सभ्य माणसाच्या हातांमुळे मृत्यू होतो, हे त्यांना सहन झालं नाही. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात, जखमेतून पसरलेल्या संसर्गानेच मेला. आज जंतू सगळ्यांना मान्य आहेत, तरी सलाईनची सुई टोचताना हात धुतले का, मूत्रनळी गरजेपेक्षा दोन दिवस जास्त ठेवली का, हे नातेवाइकाने विचारलं तर किती ठिकाणी सरळ उत्तर मिळतं? दवाखान्यात लागलेल्या संसर्गाने गेलेल्या रुग्णाच्या घरच्यांना 'उशिरा आणलं' असं सांगता येत नाही. मग त्यांना काय सांगितलं जातं?

पाचवा वाटेकरी कागद. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलं की सगळं मिटतं. हृदय प्रत्येकाचंच शेवटी बंद पडतं, म्हणून तेवढंच कारण लिहू नये असा नियम आहे. पायाच्या जखमेतून सेप्सिस, सेप्सिसमधून शॉक, मुळाशी न तपासलेला मधुमेह, अशी साखळी लिहायची असते. ती लिहिली जात नाही, म्हणून जिल्ह्यात सेप्सिसने किती माणसं गेली हे जिल्ह्याला कळत नाही. मृत्यू मोजणं यवतमाळला नवं नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली की इथे मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवायला समिती बसते. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली, तेव्हा ओरड झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं, मुखवटे-हातमोजे वाटले गेले. त्या मृत्यूंना आकडा मिळाला म्हणून त्यांना निदान उत्तर मागता आलं. पायाला धसकट लागून गेलेल्या माणसाला कोणताही आकडा नाही.

काही जण म्हणतील, प्रत्येक तापाला घाबरून धावलो तर दवाखाने ओसंडून वाहतील. प्रत्येक तापाला धावायचंच नाही. तापाबरोबर, किंवा अंग गार पडलं असताना, श्वास वाढला, भान बदललं, लघवी थांबली, माणूस उठून बसू शकेना, तर धावायचं. बाळंतीण, तान्हं बाळ, मधुमेही, सिकलसेलचा रुग्ण, दारूने यकृत खराब झालेला आणि म्हातारं माणूस यांच्याबाबत आणखी लवकर. म्हातारे बरळू लागले की 'वय झालं' म्हणायची आपल्याला सवय आहे. काल नावाने हाक मारणारी आजी आज ओळखत नसेल, तर एका रात्रीत वय होत नसतं. तिची लघवी आणि छाती तपासा.

दुसरे म्हणतील, खेडूत माणसाला हे समजणार नाही. २०२१ आठवा. त्या फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळमधूनच कोरोनाची दुसरी लाट वर आली. महिनाभरात गावागावांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर पोचलं, आणि चौथी शिकलेला माणूसही पारावर बसून 'ऑक्सिजन किती, स्कोर किती' विचारू लागला. चौऱ्याण्णवच्या खाली आला की हलवायचं, हे आजीबाईंनाही पाठ झालं. कोरोनाच्या अनेक गंभीर रुग्णांत शरीराची जी वाताहत झाली तीही सेप्सिसच्याच जातीची होती. भीतीपोटी महिन्यात शिकता येतं, तर शहाणपणाने वर्षात का शिकता येऊ नये?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांची आठवण आपण जयंतीला झाडू हातात घेऊन, फोटो काढून करतो. बाबांनी झाडूइतकंच मोठं आणखी एक काम केलं : मुंबईसारख्या शहरांत उपचाराला आलेल्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला धर्मशाळा उभारल्या. औषध फुकट असलं तरी सोबतच्या माणसाला कुठे झोपायचं, काय खायचं, बुडालेली मजुरी कुठून भरायची, या काळजीनेच गरीब माणूस दवाखाना टाळतो, हे त्यांनी ओळखलं होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड उपचाराचा खर्च भागवेल. घरी राहिलेल्या बकऱ्या आणि लेकरं कोण पाहील, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. ते गावाने पाहायचं असतं. गावजेवणाला आणि सप्त्याला वर्गणी काढणाऱ्या गावाला रात्रीच्या गाडीच्या डिझेलचा फंड काढता येतो.

सरकारकडून तीन गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रीही पहिलं प्रतिजैविक, ऑक्सिजन आणि ते देणारा माणूस. आशाताईच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, ऑक्सिमीटर आणि वेळेवर मानधन. मृत्यूच्या दाखल्यावर खरं कारण आणि त्याचा दरवर्षी जिल्हा परिषदेत जाहीर होणारा आकडा. स्वतःकडून एकच गोष्ट मागायची : घरातल्या कुठल्याही आजारी माणसाला, विशेषतः सुनेला, 'मला दवाखान्यात न्या' असं म्हणायचा आणि ते तत्काळ मानलं जाण्याचा हक्क.

१५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन पावसाळ्यात येते. कपाशीत गुडघाभर चिखल असतो, ताप आणि विंचूकाट्याचे दिवस असतात. तिच्या विषयपत्रिकेवर रस्ता, नळ, घरकुल यांच्याबरोबर एक विषय लिहून घ्या : रात्री गावात कुणी गंभीर आजारी पडलं तर गाडी कुणाची, चालक कोण, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन कोण करणार, सोबत कोण जाणार. चार नावं ठरवा, मोबाइल नंबरांसह अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवा, खाली धोक्याच्या पाच खुणा लिहा. आणि त्या रात्री कुणी 'सकाळी पाहू' म्हणालं, तर ऐकू नका, गाडी काढा.